साडेआठचा पाऊस

नाशिकला गंगापूर रस्त्यावरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे आणि क्षितिजापासून डोक्यापर्यंतच्या कमानीचा साधारण पाऊण भाग चढेल इतकी मान वर करावी, म्हणजे नजर ज्या जागी पोचते त्या रेषेत इन्सॅट-३डीआर हा हवामान उपग्रह आहे. विषुववृत्ताच्या वर, ७४ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याशी गती जुळवून फिरतो आणि त्यामुळे आपल्या दृष्टीने जागचा हलत नाही. नाशिकचा रेखांशही ७४ अंशांच्या किंचित अलीकडचा, म्हणजे तो जवळजवळ आमच्याच ओळीत, फक्त वीस अंश दक्षिणेला. डोळ्यांना तो अर्थातच दिसत नाही. तरी संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले की मी एकदा तिकडे बघते. एक वर्ष मी त्याने पाठवलेली चित्रे रोज आठ-नऊ तास पाहत होते, त्या वर्षाची ही सवय आहे.

जून २०२३ ते मे २०२४ हे बारा महिने मी अहमदाबादला इस्रोच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये एका प्रकल्पावर काम केले. आपल्या हवामान उपग्रहांवरची इमेजर (ढगांची चित्रे घेणारे) आणि साउंडर (हवेच्या थरांचे तापमान आणि आर्द्रता टिपणारे) ही उपकरणे तिथे घडतात, आणि त्यांनी पाठवलेल्या आकड्यांतून पाऊस, वारा, समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान कसे काढायचे याच्या रीतीही तिथे बसवल्या जातात. माझ्या वाट्याला आलेले काम या पसाऱ्यात लहानसे होते: उपग्रहाने सांगितलेला पाऊस आणि पर्जन्यमापकात प्रत्यक्ष पडलेला पाऊस यांची सह्याद्रीच्या पट्ट्यातली तुलना. निघायच्या आदल्या दिवशी निफाडकडे गावी गेले होते. नाना आमच्या द्राक्षबागेत काड्या बांधत होते. हात न थांबवता त्यांनी विचारले, "ताई, म्हणजे आता आपल्याला आधी कळंल ना?" मी लगेच "हो नाना" म्हणाले. त्या एका शब्दात किती खरे होते हे मला पुढचे वर्षभर थोडे थोडे करून समजत गेले.

रुजू होऊन आठवडा होत नाही तोच अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उभे राहिले. १५ जूनच्या संध्याकाळी ते कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यावर चढेपर्यंतचे दिवस मी इतरांच्या मागे उभी राहून नुसती पाहत होते. लहानपणी दूरदर्शनच्या बातम्यांच्या शेवटी भारताच्या नकाशावर पांढरे पुंजके दाखवीत, तेवढीच माझी उपग्रहाशी ओळख. इथे तोच पांढरा पुंजका गोल फिरत, आवळत, सैल पडत, पुन्हा आवळत दर पंधरा मिनिटांनी पडद्यावर येत होता. एकेका उपग्रहाचे चित्र दर अर्ध्या तासाला येते, पण तेव्हा ७४ अंशांवरचा इन्सॅट-३डीआर आणि ८२ अंशांवरचा इन्सॅट-३डी असे दोघे आळीपाळीने चित्र घेत असल्यामुळे मधले अंतर निम्मे होई. वादळ कुठे आहे, कुठे सरकते आहे, हे आधी कळते, आणि ते कळल्यामुळे माणसे वेळेत हलवता येतात, हे मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिले. त्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. नानांना दिलेला शब्द मला तेव्हा अगदी पक्का वाटला होता.

वादळ ओसरल्यावर माझे खरे काम सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी आमच्या सरांनी एक वाक्य सांगितले: उपग्रहाला पाऊस दिसत नाही. त्याला ढगाचा माथा दिसतो, आणि माथाही नव्हे, माथ्याचे तापमान. इन्सॅटच्या इमेजरला सहा पट्टे आहेत, म्हणजे सहा वेगवेगळ्या तरंगलांबींत तो चित्र घेतो. त्यांतला एक दृश्य प्रकाशाचा, तो रात्री आंधळा असतो. रात्रंदिवस चालतो तो अवरक्त पट्टा, आणि तो काय टिपतो, तर खालून वर येणारी उष्णता. जितका ढग उंच, तितका त्याचा माथा गार. जितका गार, तितका चित्रात पांढरा. हा गारवा बघून खाली पाऊस असावा असा तर्क करायचा. या तर्काची सर्वांत साधी आणि जुनी रीत अशी, की ज्या ढगाचा माथा २३५ केल्विनहून, म्हणजे उणे ३८ अंश सेल्सिअसहून गार आहे, त्याच्याखाली ताशी ३ मिलिमीटर पाऊस धरायचा. आजच्या रीती यापेक्षा पुष्कळ बारकाईच्या आहेत, हवेतली आर्द्रता, ढग वाढतो आहे की विरतो आहे, डोंगराचा उतार, असे बरेच काही त्या विचारात घेतात. पण पाया तोच: माथ्याच्या गारव्यावरून पायथ्याच्या पावसाचा अंदाज.

आता हा पाया आमच्या जिल्ह्यावर ठेवून बघावा. त्र्यंबकेश्वरपासून निफाडपर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे पासष्ट किलोमीटर. तेवढ्या अंतरात वर्षाचा पाऊस त्र्यंबक-इगतपुरीकडच्या दोन-तीन हजार मिलिमीटरवरून नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि निफाड-येवल्याकडे पाचशेच्या आसपास येतो. पश्चिमेकडचा पाऊस आणि पूर्वेकडचा पाऊस हे नुसते कमीजास्त नाहीत, त्यांची जातच वेगळी आहे, आणि उपग्रहावरून काढलेला अंदाज दोन्हीकडे चुकतो, तोही उलट्या दिशांनी.

जुलैमध्ये समुद्रावरून आलेले ओले वारे घाटाला धडकतात, ब्रह्मगिरी-अंजनेरीवर ढकलले जातात आणि तिथेच रिकामे होतात. हे ढग बसके असतात. त्यांच्या माथ्याचे तापमान बऱ्याचदा गोठणबिंदूच्याही वर, म्हणजे ढगाच्या मानाने उबदार. आत बर्फ नसतोच, पाण्याचे थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि दिवसरात्र कोसळत राहतात. अवरक्त चित्रात मात्र तिथे नुसता फिकट राखाडी पट्टा दिसतो. पहिल्यांदा तो पट्टा मी त्र्यंबकच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिला तेव्हा माझ्या हातून फाइल चुकीची उघडली गेली असावी असे वाटून तीन वेळा तारीख तपासली. तारीख बरोबर होती. ज्या दिवशी खाली शंभरावर मिलिमीटर पाऊस झाला होता, त्या दिवशी रीत जेमतेम दहा-बारा सांगत होती.

पूर्वेकडे याच्या उलट घडते. मार्च-एप्रिलचा किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो आणि वर जागा संपली की त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. हा पसरलेला पातळ भाग बर्फाच्या कणांचा, अतिशय गार, आणि चित्रात शुभ्र. पण त्याच्या खाली मैलोगणती कोरडे असू शकते. पाऊस पडतो तो ऐरणीच्या दांड्याखाली, तीन-चार गावांत. रीत मात्र अख्ख्या ऐरणीखाली पाऊस वाटून टाकते.

नाशिककरांना यातली पहिली चूक फार आधीपासून माहीत आहे, फक्त त्यांच्याकडे तिचे मोजमाप वेगळे आहे. शहरात नुसती भुरभुर असते, आणि तरी त्र्यंबक-आंबोलीकडच्या पाण्याने गंगापूर धरण भरून विसर्ग सुरू होतो आणि रामकुंडावर गोदावरी चढू लागते. तेव्हा पंचवटीतला जुना माणूस आकाशाकडे बघत नाही, नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो: पाणी पायांना लागले, कमरेला आले, छातीला आले. १९ सप्टेंबर २००८ चा पूर मी शाळकरी वयात आजीच्या बोटाला धरून दुरून पाहिला होता, आणि त्या दिवशी आजूबाजूच्या प्रत्येकाच्या तोंडी मारुतीचेच माप होते. अहमदाबादला बसून त्या राखाडी पट्ट्याकडे पाहताना मला तो मारुती फार आठवायचा. तो पाण्याला लागून उभा आहे. त्याला तर्क करावा लागत नाही.

उपग्रहाची चूक कशावरून कळते, तर जमिनीवरच्या पर्जन्यमापकावरून. आणि इथे मला माझ्या कामातली सगळ्यांत महत्त्वाची वेळ समजली: सकाळचे साडेआठ. देशभर चोवीस तासांचा पाऊस साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. कुठल्याशा आवारात, कुंपणाच्या आत, जमिनीत रोवलेल्या नळकांड्याजवळ एक माणूस येतो, वरचे नरसाळे काढतो, आतले पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो, पात्र डोळ्यांच्या पातळीला धरतो आणि आकडा वहीत लिहितो. पाऊस चालू असेल तरी तो येतो, आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला नसेल तरी येतो, कारण शून्यही लिहावेच लागते. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भरला तरच तो पावसाळी दिवस. आता महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे आहेत, तिथे आकडा आपोआप जातो, पण जुन्या नोंदींची साखळी या हातांनी ओवलेली आहे. माझ्या संगणकावर एका दिवसाची ४८ चित्रे एका बाजूला आणि त्या माणसाने लिहिलेला एक आकडा दुसऱ्या बाजूला असे रोज ठेवले जाई, आणि दोघांचे जमले नाही तर दुरुस्ती चित्रांवरच्या गणितात व्हायची, त्या आकड्यात नाही. माझ्या वर्षभराच्या कामाचा गाभा मी कुणाला सांगायचा झाला तर एवढाच सांगते. ३५,८०० किलोमीटरवरून बघणारा डोळा वीतभर तोंडाच्या त्या नळकांड्याला विचारून आपली नजर सुधारत असतो.

ऑगस्ट असा गेला की त्या वहीत शून्येच शून्ये. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. चित्रात महाराष्ट्र दिवसेंदिवस काळा, म्हणजे तापलेला आणि निरभ्र दिसत होता. त्या महिन्याबद्दल मला अधिक लिहिवत नाही.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. या दिवसाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. उत्तर भारतावरून पश्चिमी प्रक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवेची प्रणाली, जातो आहे, अरबी समुद्रावरून ओलावा वर ओढला जातो आहे आणि दोन्हींची गाठ उत्तर महाराष्ट्रावर पडू शकते, हा इशारा हवामान विभागाने आधीच दिला होता, वादळी पाऊस आणि गारपिटीचा उल्लेख करून. म्हणजे नानांच्या प्रश्नाच्या अर्थाने "आधी" कळले होते. शनिवारी रात्री मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "ऐकलंय. औषध मारून घेतलं. पण गारेवर औषध काय मारणार?" ऑक्टोबर छाटणीच्या आमच्या बागेत फुलोरा संपून मणी नुकते धरत होते. या अवस्थेत पाऊस झाला तर केवडा आणि गळकूज हे रोग, आणि गार झाली तर मग पुढचा विचारच नको.

रविवारी मी खोलीवरच लॅपटॉप उघडून बसले होते. दुपारनंतरच्या चित्रांत जिल्ह्याच्या पश्चिमेला पांढऱ्या गाठी उठू लागल्या. अर्ध्या तासाच्या एका चित्रात निफाडवर विरळ राखाडी, पुढच्या चित्रात एक घट्ट पांढरा ठिपका. तापमान काढले, उणे पन्नासच्या खाली. एवढ्या वेळात मी फोन हातात घेतला होता. नानांनी उचलला, पण बोलणे ऐकू येईना. पत्र्यावर गारा वाजत होत्या. तो आवाज दोन मिनिटे मी ऐकला आणि फोन मीच ठेवला. इन्सॅटच्या इमेजरला पृथ्वीचे पूर्ण चित्र टिपायला सुमारे सव्वीस मिनिटे लागतात, त्यानंतर ते जमिनीवर येऊन, सुधारून, पडद्यावर दिसायला आणखी वेळ जातो. असा ढग उठतो, वाढतो आणि रिता होतो तो एवढ्या काळातच. मी ज्या ठिपक्याचे तापमान काढत होते, तो ढग तोवर आमच्या बागेवर आला होता.

त्यानंतरचे काही दिवस मी ते एक चित्र पुन्हा पुन्हा उघडत राहिले. अवरक्त चित्राचा एक चौकोन चार किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद असतो. सोळा चौरस किलोमीटर म्हणजे जवळजवळ चार हजार एकर. आमची बाग चार एकरांची. त्या एका चौकोनाचा हजारावा हिस्सा, आणि चौकोनाला आकडा एकच, चार हजार एकरांची सरासरी. शिवाय उपग्रह दक्षिणेकडून तिरका बघतो, त्यामुळे बारा किलोमीटर उंचीचा माथा नकाशावर त्याच्या खऱ्या जागेपेक्षा सुमारे पाच किलोमीटर उत्तरेला उमटतो. मी तोवर ज्या चौकोनाला आमचा समजत होते, त्यात दिसणारा ढग खरे तर दक्षिणेकडच्या गावावर होता, आणि आमच्यावरचा ढग एक चौकोन वर. ही दुरुस्ती करून मी योग्य चौकोन शोधला. तो थोडा अधिक पांढरा होता.

आणखी एक गोष्ट त्या आठवड्यात माझ्यासमोर आली. साडेआठच्या रिवाजानुसार नोंद ज्या सकाळी घेतली जाते त्या तारखेच्या नावावर पडते. त्यामुळे आमची बाग २६ तारखेच्या संध्याकाळी झोडपली गेली असली तरी नोंदींत तो पाऊस २७ नोव्हेंबरचा आहे, आणि तोही किती, तर गारा नळकांड्याच्या कडेवरून उसळून बाहेर पडल्यावर आत राहून जे वितळले तेवढाच. घरात सगळे "सव्वीस तारीख" म्हणतात. माझ्या तक्त्यात सत्तावीस आहे. दोन्ही बरोबर आहेत, आणि हे मला आईला समजावून सांगता आले नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा नाना मला बागेत घेऊन गेले. ओळीच्या पश्चिमेकडच्या बाजूचे घड चेपल्यासारखे झाले होते, काडीवर गारेचे वण होते, आणि त्याच वेलीच्या पूर्व बाजूला पानाआड राहिलेले काही घड अगदी सुरक्षित होते. एका वेलीच्या दोन बाजूंत इतका फरक. मला चार हजार एकरांचा तो चौकोन आठवला. नाना मला कशाबद्दलही बोलले नाहीत. फक्त एका वणावर बोट ठेवून म्हणाले, "हा वण पुढच्या छाटणीपर्यंत दिसंल." मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट सांगितले, की आम्हाला काय दिसते आणि काय दिसत नाही, दोन दिवस आधी तालुका सांगता येतो, अर्धा तास आधी दिशा सांगता येते, शेत सांगता येत नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तालुका तर तालुका. पण जे सांगाल ते असं फोड करून सांगा." आजवर माझ्या कामावर मिळालेला सर्वांत उपयोगी अभिप्राय मी हाच मानते.

१७ फेब्रुवारी २०२४ ला संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१४ उडाला आणि इन्सॅट-३डीएस वर गेला. २,२७४ किलो वजनाचा उपग्रह, त्यावर अहमदाबादला घडलेली इमेजर आणि साउंडर. उड्डाण आम्ही पडद्यावर पाहिले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी त्या उपकरणाच्या चाचण्यांवर बरीच वर्षे घालवली होती; उपग्रह रॉकेटपासून वेगळा झाल्याचे जाहीर होईपर्यंत त्यांनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते आणि नंतर ते सोडून, हाताने सरळ करून, त्या शांतपणे आपल्या टेबलाकडे गेल्या. मार्चमध्ये नव्या उपग्रहाची पहिली चित्रे आली. सगळे चित्रे पाहत होते, आणि मी त्याच उपग्रहावरच्या एका लहान यंत्राचा विचार करत होते, ज्याच्याबद्दल वर्तमानपत्रांत क्वचित येते. ढग पाहणाऱ्या उपकरणांखेरीज या उपग्रहांवर एक संदेशवाहक यंत्र असते. दुर्गम जागी बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांतले आणि पर्जन्यमापकांतले आकडे ते वर घेते आणि तसेच्या तसे खाली मुख्य केंद्राकडे पाठवते. म्हणजे ज्या नळकांड्याच्या साक्षीवर उपग्रहाच्या अंदाजाची परीक्षा होते, त्याची साक्षही तोच उपग्रह वाहून आणतो, एका अक्षराचा फेरफार न करता.

मेअखेरीस प्रकल्प संपला. सापुतारा, वणी, दिंडोरी असा गाडीने परत येताना दोन्ही बाजूंना खरड छाटणी झालेल्या बागांना नवी फूट आली होती. आता मी नाशिकलाच राहून द्राक्ष उत्पादकांसाठी हवामानाचे सल्ले लिहिते. सल्ला लिहिताना तालुक्याच्या पुढे जाऊन गावाचे नाव घालायचा मोह मी टाळते, आणि ढगाच्या चित्राखाली चित्र किती वाजताचे आहे हे ठळक लिहिते.

अहमदाबादहून येताना नानांसाठी एक साधा पर्जन्यमापक आणला होता. बागेच्या मोकळ्या कोपऱ्यात, झाडापासून आणि पत्र्यापासून लांब, आम्ही दोघांनी तो खांबावर पातळी तपासून बसवला. निर्यातीच्या बागेला फवारणीची वही ठेवावीच लागते. कोणते औषध, किती, कोणत्या तारखेला. त्या वहीत नानांनी पट्टीने एक उभा रकाना वाढवला आणि वर "पाऊस, स. ८.३०" असे लिहिले. पहिल्या आठवड्यात त्यांनी आदल्या दिवसाचा पाऊस आदल्या दिवसाच्याच ओळीत लिहिला होता. मी रिवाज सांगितला, तेव्हा थोडा विचार करून त्यांनी सगळे आकडे खोडून एकेक ओळ खाली उतरवले.

रोज सकाळी पावणेनऊच्या सुमारास त्यांचा फोन येतो. आज म्हणाले, "लिहून घे. चार पूर्णांक दोन. तुझ्या चित्रात किती आहे?" मी पाहिले. चित्रात नऊ होते.